मुक्या खिंडीची उतरण

ब्रेकची पॅडं घ्यायला म्हणून ती मिस्त्रीच्या दुकानात शिरली, तेव्हा मिस्त्री एका चाकाचे आरे आवळत बसला होता. दुकान लहानच होतं. छताला टायर टांगलेले, भिंतीला साखळ्या, आणि सगळीकडे रबराचा आणि रॉकेलचा वास. मिस्त्रीनं मान वर न करताच विचारलं, "पुन्हा पॅडं? मागच्या आठवड्यात तर नवी घातली होती."

"उतारच तसे आहेत."

"उतार तसे आहेत, की तू तशी आहेस?"

ती हसली नाही. पाटावर मांडी घालून आपली आपणच जुनी पॅडं काढायला लागली. तिला सगळे गोचीड म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या भावानं, दादानं ठेवलेलं. लहानपणी त्याच्या सायकलच्या कॅरिअरला ती जी चिकटायची, ती घरी आल्याशिवाय सुटायची नाही. पुढे मोठी झाली, स्वतःची सायकल घेतली, डोंगरात दादाच्या बरोबरीनं उतरायला लागली, तरी नाव तेच राहिलं. आणि खोटं नव्हतं ते. एकदा एखादी गोष्ट धरली की तिच्या हातून ती सुटत नसे.

सध्या तिनं मुकी खिंड धरली होती.

शहराच्या मागे तीन खिंडी होत्या. सायकलवाल्यांनी त्यांना आपापली नावं पाडलेली. पहिली रडवी, कारण तिचा चढ भल्याभल्यांना रडवतो. दुसरी खडखडी, तिथल्या सुट्या दगडांमुळे. आणि तिसरी मुकी. तिथं उभं राहून कितीही बोंबललं तरी आवाज परत येत नाही. का येत नाही ते कुणाला सांगता येत नव्हतं. समोर चांगला उभा कडा आहे, पण हाक गेली ती गेलीच. नवा माणूस तिथं आला की जुने लोक त्याला हाक मारायला लावायचे, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून हसायचे.

या तीन खिंडी एका दिवसात ओलांडणारी वाट आखायची, हे दादाचं स्वप्न. क्लबनं त्यावर शर्यत भरवायची ठरवली होती. पहिल्या दोन खिंडींची वाट दादानंच आखून ठेवलेली. तिसरीचा चढही झाला होता. राहिली होती ती मुक्या खिंडीची पलीकडची उतरण. ती शोधायला चार वर्षांपूर्वी तो एकटा गेला, आणि दुसऱ्या दिवशी कड्याच्या पायथ्याशी सापडला. सायकल मात्र कधीच सापडली नाही.

"मास्तर काय म्हणाले?" मिस्त्रीनं विचारलं. मास्तर म्हणजे क्लबचे म्होरके, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले.

"म्हणाले, महिनाअखेरपर्यंत उतरण दाखव. नाही दाखवलीस तर दोनच खिंडींची शर्यत."

"बरोबरच आहे त्यांचं. दोन काय कमी आहेत?"

"दादाच्या तीन आहेत."

मिस्त्री पुन्हा आरे आवळायला लागला. तो दादाचा जिवलग मित्र. त्याला माहीत होतं की आता समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

डोंगरी सायकलची वाट आखणं हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. पडद्यावर नकाशा उघडायचा, उंचीच्या रेषा कुठं दाटल्यात ते बघायचं आणि बोटानं वाट ओढायची, हे झालं उंटावरून शेळ्या हाकणं. नकाशाला खडक दिसतो, पण ओला खडक दिसत नाही. खरी वाट पायानं आखतात. उतरण आधी पायी चढायची, मग पायी उतरायची. कुठं पुढचं चाक अडकेल, कुठं मागचं घसरेल, कुठं सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, पडला तर माणूस कुठवर घरंगळेल, हे सगळं बघायचं. वाटेच्या डाव्या हाताला झुडपांना फिती बांधायच्या, वळणावर दगडांची चळत रचायची, आणि मगच सायकलवर बसायचं. दादानं हे तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती झोपेतही म्हणून दाखवेल.

आणखी एक रीत होती. धुकं आलं की हे लोक टिकटिकीवर उतरायचे.

पेडल न मारता सायकल उताराला सोडली की मागच्या चाकाच्या आतून टिकटिक आवाज येतो. फ्रीव्हीलचे छोटे खटके दात्यांवरून घसरतात, त्याचा तो आवाज. प्रत्येक सायकलची टिकटिक वेगळी. धुक्यात हातभरावरचं दिसेनासं झालं की वाट माहीत असलेला पुढे व्हायचा, आणि बाकीचे त्याच्या टिकटिकीमागे यायचे. पुढच्यानं मागे बघायचं नाही, नजर वाटेवर ठेवायची. आणि पुढे धोका दिसला तर ब्रेक दाबून चाक थांबवायचं. आवाज बंद म्हणजे थांब. ओरडायची गरज नाही. या एका नियमावर त्यांनी कितीतरी धुकी पार केली होती.

दादाच्या टिकटिकीला एक खोड होती. त्याचा एक खटका तुटलेला. त्यामुळे आवाज लंगडायचा. टिक-टिक-टिक, मग एक ठोका गाळून पुन्हा टिक-टिक-टिक. मिस्त्रीनं दुरुस्त करतो म्हटलं की तो म्हणायचा, "राहू दे रे. पोलीस शोधायला आले तर ओळख पटेल." घरी आला की सायकल सरळ आपल्या खोलीत न्यायचा, खुंटीला टांगायचा आणि मागच्या चाकाला एक टिचकी मारून बूट काढायला बसायचा. तो लंगडा आवाज ऐकला की आई चहाचं आधण ठेवायची. हाक मारावी लागत नसे.

तो गेला त्या दुपारी त्यानं गोचिडीला फोनवर एक निरोप बोलून पाठवला होता. तिनं तो इतक्यांदा ऐकला होता की श्वास कुठं घेतलाय तेही तिला पाठ होतं. "धुकं दाट आहे. पण पुढे कुणीतरी उतरतंय... वाट ठाऊक असलेला दिसतो. त्याच्या आवाजावर येतो. आईला सांग, आधण ठेव."

त्या दिवशी डोंगरात दुसरं कुणीही गेलेलं नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांकडे चौकशी केली होती.

त्यानंतर तिनं आपल्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, त्या खटक्यांवर, घट्ट ग्रीस भरून घेतलं. तिची सायकल आवाज न करता उतरायची. तो आवाज तिला नको झाला होता.

नवी पॅडं घालून ती दुसऱ्या दिवशी मुक्या खिंडीत पोचली, तेव्हा ऊन होतं. चढून आल्यावर घसा कोरडा पडला होता. पाणी पिऊन तिनं सायकल खडकाला टेकवली आणि उतरणीचा वरचा भाग पायी बघून घेतला. सुरुवात छान होती. गवताळ धार, मग सपाट खडकांच्या पायऱ्या, मग बारीक खडीचा एक लांब पट्टा. तिनं डाव्या हाताला फिती बांधल्या. खडीच्या पट्ट्याच्या शेवटी ती उभी राहिली, आणि पुढे कुठं जायचं ते बघेपर्यंत खालून धुकं चढलं.

ते आलं तेही चोरपावलांनी. आधी ओल्या मातीचा वास आला. मग समोरचा कडा गेला, मग खडी गेली, मग तिचे स्वतःचे बूट गेले. वारा पडला. कानात फक्त आपला श्वास.

अशा वेळी काय करायचं, हे तिला माहीत होतं. बसून राहायचं. धुकं कधी ना कधी उठतंच. आधी फिती चाचपत ती वर जाऊन सायकल घेऊन आली, हातानं धरून खडीच्या सुरुवातीला उभी राहिली, आणि बसणार एवढ्यात वरून आवाज आला.

टिक-टिक-टिक... मग एक ठोका गाळून... टिक-टिक-टिक.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज वरून आला, तिच्या उजव्या हाताजवळून गेला, आणि खाली उतरायला लागला. वेग माफक, वळणं अचूक. दादा असाच उतरायचा.

इथं तिनं जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. पळून गेलं असतं, नाहीतर डोळे मिटून बसलं असतं. पण टिकटिकीवर उतरायची सवय तिच्या हाडात मुरलेली होती. पुढे जाणकार माणूस आहे, आवाज चालू आहे, म्हणजे वाट आहे. विचार करायच्या आधीच ती सायकलवर बसली होती.

तिची सायकल मुकी, त्याची बोलकी. धुक्यात ती त्या आवाजाला धरून उतरत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतात तेव्हा माणसाचं डोकं काम करत नाही. दादाच्या आवाजापलीकडून, आणखी खालून, दुसरी एक बारीक टिकटिक येत होती. ती सलग होती, एकही ठोका न गाळणारी. समोरच्या कड्यावर आपटून आवाज परत येत असेल, असं ती धरून चालली.

खडीचा पट्टा संपत आला. तिच्या टायरखाली खडी करकरत होती. आणि अचानक तिला जाणवलं की करकर फक्त तिचीच आहे.

दादाची टिकटिक पुढे चालू होती. पण खडीवरून चाललेल्या सायकलचे आवाज दोन असतात. चाकाच्या आतला एक, आणि टायरखालचा एक. तिच्यापुढे फक्त आतला होता. चाक फिरत होतं... पण जमिनीला लागलेलं नव्हतं.

तिनं दोन्ही ब्रेक दाबले. नवी पॅडं. सायकल आडवी झाली, ती गुडघ्यावर पडली, थोडी घसरली आणि थांबली. पुढच्या चाकाखालून खडे सुटले. ते कुठंतरी पडल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही.

टिकटिक मात्र तशीच पुढे गेली. समोर, सरळ, त्याच उंचीवर, जिथं वाट नव्हती तिथून. हळूहळू बारीक झाली आणि विझली.

ती हात टेकून मागे सरकली. एका खडकाला पाठ लावून बसली. आणि थोड्या वेळानं, वरून, खिंडीच्या माथ्यावरून, पुन्हा तोच आवाज सुरू झाला. टिक-टिक-टिक, एक गाळून, टिक-टिक-टिक. तिच्यासमोरून गेला, कड्यावरून निघून गेला, विझला. मग पुन्हा वरून.

धुकं उठेपर्यंत ती ते ऐकत बसली होती. आधी भीती, मग रडू, आणि शेवटी राग. चार वर्षं हा असाच उतरतोय. अजून उतरण शोधतोय. आणि आपण खाली बसून त्याचं श्राद्ध घालून मोकळे झालो.

धुकं विरलं तेव्हा दिसलं, कड्याची कड तिच्या पायांपासून हातभर होती.

हे तिनं आईला सांगितलं नाही. मिस्त्रीला सांगितलं. तो ऐकत असताना हातातला पाना नुसता फिरवत राहिला.

"वारा असेल," तो शेवटी म्हणाला.

"वाऱ्याचा खटका तुटलेला असतो का?"

"मग सोड ती खिंड. कानाला खडा लाव. तुझ्या आईला एकच लेकरू उरलंय, हे तरी बघ."

"तेच बघतेय. तिची दोन आहेत. एक वर अडकलंय."

"अगं, गेलेला माणूस..." मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"मिस्त्री, त्याला खालची वाट कुणी दाखवलीच नाही. ती मी आखणार. आणि मग धुक्यात त्याच्यापुढे उतरणार. टिकटिकीवर. तो मागे येईल. नियम त्यानंच शिकवलाय, तो मोडणार नाही."

"तुझं हब तर मुकं आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलेय. ग्रीस धुऊन द्या."

मिस्त्रीनं लगेच हात लावला नाही. "वाट आखून दाखव, मग धुतो," म्हणाला. त्याला वाटलं असेल, वाट मिळायची नाही आणि बला टळेल. पण गोचिडीची ओळख त्याला नव्यानं करून द्यायला नको होती.

पुढचे दिवस ती उन्हात जायची, उन्हात परत यायची. धुक्याची चाहूल लागली की सरळ माघारी. खडीच्या पट्ट्यानंतर वाट उजवीकडे जाते असं कुणालाही वाटावं अशीच जमीन होती. उजवीकडे उतार मऊ होता, मोकळा होता, आणि कड्यावर संपत होता. डावीकडे काटेरी झुडपं, आणि त्यांच्यामागे खडकाची उभी भिंत. तिनं झुडपं तोडली. हात ओरबाडून निघाले. भिंतीच्या पोटाशी तिला एक घळ सापडली, अरुंद, ओली, सायकलचं हँडल जेमतेम मावेल एवढी. ती पायी चढली, पायी उतरली, पुन्हा चढली. तीन ठिकाणी दगड हलवून पायऱ्या नीट केल्या. एके ठिकाणी सायकल उचलूनच न्यावी लागेल असं वाटत होतं. तिथं ती अर्धा दिवस घुटमळली, मग मागचं चाक किंचित उडवून वळता येतं, हे तिच्या लक्षात आलं. दादा असता तर टाळी देऊन म्हणाला असता, अगं हेच तर. घळीच्या खाली जुनी जनावरांची वाट होती, आणि ती थेट डांबरी रस्त्याला लागत होती.

मास्तर येऊन बघून गेले. घळीत वाकून चालताना त्यांची टोपी पडली, ती झटकत म्हणाले, "तुझा भाऊ उजवीकडेच बघत राहिला गं. डावीकडे बघायचं कुणाच्या डोक्यात येणार?"

"त्याला उजवीकडे कुणीतरी नेलं," ती म्हणाली. मास्तरांना ते समजलं नाही, आणि तिनंही फोड करून सांगितलं नाही.

मिस्त्रीनं शब्द पाळला. हब उघडलं, सगळं ग्रीस रॉकेलनं धुतलं, खटके कोरडे केले आणि चाकाला टिचकी मारली. दुकानात खणखणीत टिकटिक भरली. चार वर्षांनी तिला आपलाच आवाज ऐकू आला.

"मी खाली रस्त्यावर गाडी घेऊन थांबतो," मिस्त्री म्हणाला. "संध्याकाळपर्यंत आली नाहीस तर वर येईन. मला सायकल येत नाही असं नाही."

धुकं तिसऱ्या दिवशी आलं. त्या दुपारी ती खिंडीच्या माथ्यावर उभी होती. ओल्या मातीचा वास आला. कडा गेला, खडी गेली, बूट गेले. ती सायकलवर बसली, एक पाय टेकवून.

वरून आवाज आला. टिक-टिक-टिक... टिक-टिक-टिक.

"दादा," ती हळूच म्हणाली. "आज मी पुढे."

तिनं ब्रेक सोडला. तिचं चाक बोलायला लागलं. गवताळ धार उतरली, खडकाच्या पायऱ्या उतरली. मागचा आवाज थबकला. मग पुन्हा सुरू झाला, आणि तिच्या मागे यायला लागला.

खडीचा पट्टा आला. उजवीकडे मऊ, मोकळा उतार. त्या बाजूनं, खूप लांबून, ती सलग बारीक टिकटिक एकदा वाजली. तिनं दात दाबून हँडल डावीकडे वळवलं आणि पेडल न मारता, आवाज तुटू न देता, तोडलेल्या झुडपांमधून घुसली. मागचा आवाज खडीच्या टोकाशी घुटमळला. एका क्षणी तो उजवीकडे झुकल्यासारखा वाटला.

"इकडे ये रे," ती म्हणाली. मागे वळून बघायचं नाही हा नियम. तिनं बघितलं नाही. "गोचीड पुढे आहे. इकडे."

घळीत शिरताना तिच्या दोन्ही बाजूंना ओला खडक होता. आणि तेव्हा, अगदी मागे, तिला ते ऐकू आलं. लंगडी टिकटिक, आणि तिच्याखाली खडी. करकर, करकर. टायर जमिनीला लागला होता.

तिला हुंदका आला. ती रडत रडतच उतरली. अवघड वळणावर मागचं चाक उडवून वळली, आणि मागेही एक चाक तसंच उडून पडल्याचा धप्प आवाज झाला. घळ संपली. जनावरांची वाट आली. धुकं पातळ झालं, खाली रस्ता दिसायला लागला, रस्त्यावर मिस्त्रीची गाडी आणि गाडीला टेकून उभा मिस्त्री.

डांबरावर येऊन तिनं एक पाय टेकला. दोघं वाटेकडे बघत उभे राहिले. दिसलं काहीच नाही. पण टिक-टिक-टिक, एक गाळून, असा आवाज धुक्यातून बाहेर आला, रस्त्याला लागला, टायर डांबरावर घूं करायला लागले, आणि त्यांच्यासमोरून शहराच्या दिशेनं उतारानं निघून गेला. मिस्त्रीनं टोपी काढून हातात घेतली. त्याचे डोळे भरले होते.

"तोच," तो म्हणाला. "माझ्या हातचं चाक आहे ते."

"घरी चालला," ती म्हणाली.

आणि मग वाटेवरून दुसरी टिकटिक उतरली. बारीक, सलग. एकही ठोका न गाळता ती त्यांच्यासमोरून गेली. डांबरावर टायरचा आवाज नव्हता. लंगडा आवाज गेला त्याच दिशेनं ती गेली, घाई न करता.

मिस्त्रीनं टोपी पुन्हा घातली. "हा कोण?"

"प्रतिध्वनी आहे. त्या दिवशीही होता."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. "मुक्या खिंडीत...?"

दादाच्या निरोपातलं वाक्य तिला पाठ होतं, ते आपोआप डोक्यात वाजायला लागलं होतं. पुढे कुणीतरी उतरतंय. वाट ठाऊक असलेला दिसतो. चार वर्षं दादा ज्याच्या मागे मागे जात होता, तो आता त्याच्या मागे मागे आला होता. आणि वाट तिनंच आखून दिली होती, झुडपं तोडून, दगड हलवून.

"गाडी काढा," ती म्हणाली. "लवकर."

घराशी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली. दार उघडं होतं. आत दादाच्या खोलीतून चाक फिरत होतं, टिचकी मारून सोडल्यासारखं. टिक-टिक-टिक, एक गाळून, टिक-टिक-टिक. स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता.

"आलीस का?" आतून आईची हाक आली. चार वर्षांत असा आवाज लागला नव्हता तिचा. "दादा आला बघ. आधण ठेवलंय. काही बोलला नाही, सरळ खोलीत गेला, नेहमीसारखा."

"आई..."

"आणि त्याच्याबरोबरचा तो. दाराबाहेरच उभा होता बिचारा. कुणाचा कोण, विचारलंही नाही मी. आपल्या लेकराबरोबर एवढ्या लांबून आलेला. म्हटलं, आत ये बाबा."

तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि त्याच वेळी दादाच्या खोलीतली टिकटिक थांबली. विझत गेली नाही. ब्रेक दाबल्यासारखी एकदम थांबली.

आवाज बंद म्हणजे थांब.

ती थांबली. सगळं अंग थांबलं. घरात आता एकच आवाज होता, बारीक, सलग, आणि तो स्वयंपाकघरातून येत होता.

मागे मिस्त्रीनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. आई आत होती. तिनं उंबरा ओलांडला.

"दार लावून घे गं," आई म्हणाली. "आले सगळे."